मानमोडीपासून बर्ड फ्लूपर्यंत : सायलिक आम्लाच्या शोधाचा इतिहास

(१)

हदगाव तालुक्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते. इ. स. १९१८ मध्ये ही नदी दोन राज्यव्यवस्थांची सीमा होती. दक्षिण तीरावरील हदगाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे, तर पलीकडील उमरखेड वऱ्हाडात, म्हणजे ब्रिटिश अमलाखालील मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात होते. त्या वर्षी पाऊस मध्येच ओढ देऊन गेला, खरीप बुडाले, आणि अशा उपासमारीच्या दिवसांत सर्व दख्खनभर जी साथ पसरली तिला मराठी मुलखाने ‘मानमोडी’ असे नाव दिले. ताप चढावा, सर्वांग मोडून यावे, मान टाकावी आणि तीन-चार दिवसांत माणूस जावा, असा तिचा क्रम असल्यामुळे हे नाव लोकांच्या तोंडी बसले. वैद्यकाच्या परिभाषेत ही साथ इन्फ्ल्यूएंझाची होती.

ही साथ हिंदुस्थानात मुंबई बंदरातून शिरली. जून १९१८ मधील तिची पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरमध्ये उसळलेली दुसरी लाट मात्र भयंकर ठरली. एकट्या मुंबई शहरात ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी ७६८ मृत्यूंची नोंद झाली. आगगाडीच्या मार्गांनी साथ देशाच्या अंतर्भागात गेली. ब्रिटिश हिंदुस्थानातील ज्या प्रांतांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत अधिक आढळले, त्यांत मध्यप्रांत व वऱ्हाडाची गणना होते. हैदराबाद संस्थानापुरते पाहिल्यास १९११ च्या शिरगणतीत सुमारे १ कोटी ३४ लाख असलेली लोकसंख्या १९२१ मध्ये सुमारे १ कोटी २५ लाखांवर आली. या घटीस दुष्काळ आणि प्लेग यांचाही हातभार लागला होता. तथापि तिचे प्रमुख कारण मानमोडी हेच होय. संपूर्ण हिंदुस्थानातील मृत्यूंचा आकडा १ कोटी २० लाख ते १ कोटी ८० लाख यांच्या दरम्यान असावा, असे पुढील काळातील लोकसंख्याशास्त्रज्ञांचे निरनिराळे अंदाज सांगतात.

त्या काळच्या वैद्यकास या रोगाचे कारण ठाऊक नव्हते. जर्मन शास्त्रज्ञ फायफर यांनी वर्णिलेला एक जंतू त्याचे मूळ असावा, अशी समजूत प्रचलित होती व ती चुकीची ठरली. माणसाच्या इन्फ्ल्यूएंझाचा विषाणू १९३३ मध्ये लंडन येथे स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी प्रथम वेगळा केला. परंतु विषाणू हाती आल्याने प्रश्न संपला नाही, उलट खरा प्रश्न तेथून पुढे सुरू झाला. हा विषाणू घशातील व फुप्फुसातील पेशींनाच का चिकटतो? पाणपक्ष्यांच्या आतड्यात निरुपद्रवीपणे नांदणारे त्याचे भाऊबंद माणसात सहसा का येत नाहीत, आणि आलेच तर इतके घातक का ठरतात? या प्रश्नांचे उत्तर एका शर्करेच्या इतिहासात दडलेले आहे. त्या शर्करेचे नाव सायलिक आम्ल होय.

(२)

शर्करा म्हटली म्हणजे सामान्य वाचकासमोर ऊस, गूळ आणि साखर उभी राहतात. शरीरास इंधन पुरविणे हे शर्करेचे एक कार्य झाले. तिचे दुसरे कार्य ध्यानी येण्यास विसावे शतक अर्धे सरावे लागले. प्राण्यांच्या प्रत्येक पेशीच्या बाह्य पृष्ठावर प्रथिनांना व स्निग्ध द्रव्यांना जोडलेल्या शर्करांच्या लहानमोठ्या साखळ्या असतात. ज्वारीच्या शिवारात जशी दाट ताटे उभी असावीत, तशा त्या पेशीच्या पृष्ठावर उभ्या असतात, आणि पुष्कळशा साखळ्यांच्या टोकाशी, कणसाच्या जागी, सायलिक आम्ल असते. ग्लूकोजच्या रेणूत ६ कार्बन अणू असतात, तर सायलिक आम्लाच्या रेणूत त्यांचा मूळ सांगाडाच ९ कार्बन अणूंचा असतो. शिवाय या रेणूवर ऋण विद्युत्भार असतो. या भारामुळे रक्तातील पेशी परस्परांपासून दूर राहतात. साखळीच्या टोकाशी असल्यामुळे बाहेरून येणाऱ्या कोणत्याही वस्तूची गाठ प्रथम याच शर्करेशी पडते.

या शर्करेचा शोध दोन अगदी वेगळ्या मार्गांनी लागला. स्वीडनमधील उप्साला येथे गुन्नार ब्लिक्स यांनी १९३६ मध्ये गाईच्या जबड्याखालील लालाग्रंथीच्या श्लेष्मद्रव्यातून एक स्फटिकरूप आम्ल मिळविले. लाळेसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यास पुढे ‘सायलिक आम्ल’ हे नाव मिळाले. त्याच सुमारास जर्मनीत एर्न्स्ट क्लेंक हे मेंदूत स्निग्ध द्रव्यांचा अतिरिक्त साठा होऊन बालकांना अकाली मृत्यू आणणाऱ्या व्याधींचा अभ्यास करीत होते. मेंदूतील द्रव्यातून १९४१ मध्ये त्यांना जे आम्ल मिळाले त्यास त्यांनी ‘न्यूरॅमिनिक आम्ल’ म्हटले आणि ज्या स्निग्ध द्रव्यांत ते आढळले त्यांना ‘गँग्लिओसाइड’ हे नाव दिले. लाळेतील आम्ल आणि मेंदूतील आम्ल ही एकाच कुळातील आहेत, हे कळण्यास आणखी दीड दशक लागले. अखेरीस १९५७ मध्ये ब्लिक्स, क्लेंक आणि गोट्शाल्क यांनी एकत्रितपणे या कुळाची परिभाषा निश्चित केली. लाळ आणि मेंदू यांच्यासारख्या परस्परांशी संबंध नसलेल्या भासणाऱ्या दोन ठिकाणी एकच द्रव्य सापडावे, यातच त्याच्या सार्वत्रिक महत्त्वाची सूचना होती.

(३)

विषाणू आणि सायलिक आम्ल यांची गाठ पडली ती कोंबडीच्या अंड्यात. न्यूयॉर्क येथे रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या प्रयोगशाळेत जॉर्ज हर्स्ट हे अंड्यातील गर्भात इन्फ्ल्यूएंझाचा विषाणू वाढवीत असत. १९४१ मध्ये अंड्यातील द्रव काढून घेताना गर्भाची रक्तवाहिनी फाटून त्यात रक्त मिसळले, तेव्हा तांबड्या पेशींच्या गुठळ्या होताना त्यांना दिसल्या. विषाणू एकाच वेळी अनेक पेशींना चिकटून त्यांना एकत्र बांधीत होता. एरवी सूक्ष्मदर्शकाखालीही न दिसणारा विषाणू या क्रियेमुळे काचेच्या नळीत साध्या डोळ्यांनी ओळखता येऊ लागला. कॅनडातील मॅक्लेलंड व हेअर यांनाही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हीच गोष्ट आढळली.

हर्स्ट यांचे पुढील निरीक्षण अधिक विलक्षण होते. थंडीत बांधलेल्या या गुठळ्या ऊब दिल्यावर काही काळाने आपोआप सुटत. सुटलेला विषाणू ताज्या पेशींच्या पुन्हा गुठळ्या करी, परंतु एकदा सुटलेल्या पेशी मात्र त्याच विषाणूला पुन्हा धरीत नसत. याचा अर्थ असा की, विषाणू ज्याला चिकटतो ती पेशीवरील वस्तू तो स्वतःच कापून टाकतो. चिकटण्याचे साधन आणि सुटण्याचे साधन अशी दोन्ही साधने त्याच्यापाशी असली पाहिजेत, असा तर्क हर्स्ट यांनी बांधला व तो खरा ठरला.

ती वस्तू कोणती, हे शोधण्याचे काम प्रामुख्याने ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे झाले. तेथे मॅकफार्लेन बर्नेट यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना १९४६ मध्ये असे आढळले की, पटकीचे जंतू ज्या द्रवात वाढविले असतील तो द्रव गाळून तांबड्या पेशींवर टाकला असता त्या पेशी इन्फ्ल्यूएंझाच्या विषाणूस धरीनाशा होतात. म्हणजे पटकीचा जंतूही तीच वस्तू कापणारे विकर तयार करतो. जर्मनी सोडून मेलबर्नला आलेले आल्फ्रेड गोट्शाल्क यांनी या विकराच्या क्रियेत सुटणाऱ्या द्रव्याचा चिकाटीने माग काढला, आणि ते द्रव्य सायलिक आम्ल असल्याचे १९५० च्या दशकात सिद्ध झाले. विकरास ‘न्यूरॅमिनिडेज’ हे नाव मिळाले. पुढे विषाणूंच्या प्रकारांना एच१एन१, एच५एन१ अशी जी नावे देण्यात आली, त्यांतील ‘एच’ हे अक्षर चिकटणाऱ्या प्रथिनाचे, तर ‘एन’ हे अक्षर कापणाऱ्या विकराचे आहे. वृत्तपत्रांतून नित्य वाचनात येणाऱ्या या अक्षरांच्या मुळाशी, अशा रीतीने, एका शर्करेला धरणे आणि सोडणे या दोनच क्रिया आहेत.

लाळेतील व श्लेष्म्यातील सायलिक आम्लाचे प्रयोजनही यामुळे उलगडले. श्वासमार्गातील श्लेष्मा या शर्करेने भरलेला असतो. आत येणारा विषाणू पेशीपर्यंत पोचण्याआधीच तेथे चिकटून पडतो आणि थुंकीवाटे बाहेर टाकला जातो. विषाणूपाशी कापणारे विकर नसते, तर तो या सापळ्यातच अडकून राहिला असता.

पटकीच्या जंतूस हे विकर कशासाठी हवे, याचा उलगडा होण्यास मात्र आणखी काही वर्षे लागली. कलकत्त्यात शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये असे दाखवून दिले की, पटकीचे जुलाब जंतूच्या विषामुळे होतात व ते विष जंतूपासून वेगळे करता येते. हे विष आतड्यातील पेशींवरील जीएम१ नावाच्या, एकच सायलिक आम्ल धारण करणाऱ्या गँग्लिओसाइडला चिकटते, असे १९७० च्या दशकाच्या प्रारंभी निष्पन्न झाले. जंतूचे विकर अनेक सायलिक आम्ले असलेल्या मोठ्या गँग्लिओसाइडांना छाटून त्यांचे जीएम१ मध्ये रूपांतर करते आणि आपल्याच विषासाठी अधिक जागा तयार करते. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना एके काळी गाठणारी पटकी आणि १९१८ ची मानमोडी या दोन भिन्न रोगांच्या दाराची कडी एकाच शर्करेची होती, असे म्हणावयास हरकत नाही.

(४)

महाराष्ट्रात पेशीपृष्ठावरील शर्करांच्या अभ्यासाचा आरंभ १९५२ या वर्षी झाला असे मानल्यास ते अनुचित ठरणार नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाशी संलग्न असलेल्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया यांना असे काही इसम आढळले की, ज्यांच्या रक्तरसाने ‘ए’ व ‘बी’ गटांच्याच नव्हे, तर ‘ओ’ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या होत. लंडनमधील रेस, सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स यांच्या सहकार्याने त्यांनी हा नवा रक्तगट ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून त्याच वर्षी जगापुढे मांडला. ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून तो आज सर्वत्र ओळखला जातो. या लोकांच्या तांबड्या पेशींवर शर्करेची जी साखळी असते तिच्यावर फ्यूकोज नावाची एक शर्करा जोडली जात नाही. तेवढ्या एका उणिवेमुळे त्यांना आपल्या गटाखेरीज इतर कोणाचेही रक्त चालत नाही. रक्तगटांच्या अभ्यासासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५७ मध्ये मुंबईत स्वतंत्र केंद्र स्थापन केले.

बॉम्बे रक्तगटातील उणीव फ्यूकोजची आहे, सायलिक आम्लाची नव्हे. तथापि या दोन शर्करांचा निकट संबंध १९९२ मध्ये उघडकीस आला. इस्राएलमध्ये एत्झिओनी व सहकाऱ्यांनी वर्णिलेल्या दोन बालकांचा रक्तगट बॉम्बे प्रकारचा होता. परंतु त्यांच्यातील दोष अधिक व्यापक होता. त्यांच्या शरीरात फ्यूकोजची जोडणीच सर्वत्र खुंटली होती. रक्तातील पांढऱ्या पेशी जखमेच्या ठिकाणी थांबतात त्या आपल्यावरील सायलिक आम्ल आणि फ्यूकोज यांनी युक्त अशा एका विशिष्ट साखळीच्या आधारे. ती साखळीच नसल्याने या बालकांना वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होई, त्यांची वाढ खुंटली होती आणि बुद्धीचा विकासही मंदावला होता. नेहमीच्या बॉम्बे रक्तगटाची माणसे एरवी निरोगी असतात, ही गोष्ट येथे आवर्जून ध्यानी घेतली पाहिजे. एकाच साखळीतील कोणता दुवा कोठे तुटतो, यावर माणसाचे आरोग्य अवलंबून असते.

१९५२ मध्येच पुणे येथे विषाणू संशोधन केंद्राची स्थापना झाली. ज्या रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या प्रयोगशाळेत हर्स्ट यांनी गुठळ्या पाहिल्या होत्या, त्याच प्रतिष्ठानाचे साहाय्य या केंद्रास होते. आरंभी त्याचे कार्य डास व गोचिडी यांच्यामार्फत पसरणाऱ्या विषाणूंपुरते मर्यादित होते. १९७८ पासून ही संस्था राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली.

(५)

सायलिक आम्ल हे केवळ रोगांचे प्रवेशद्वार नव्हे. मानवाच्या घडणीतही त्याचा वाटा मोठा आहे. शरीराच्या सर्व भागांत मेंदू हा या शर्करेने विशेष समृद्ध असतो. गर्भावस्थेत मज्जापेशी आपल्या मूळ स्थानापासून नियत स्थानाकडे सरकतात, तेव्हा त्यांच्या पृष्ठावर सायलिक आम्लाच्या लांबच लांब माळा असतात. या माळांमुळे पेशी परस्परांना घट्ट चिकटत नाहीत व त्यांना हालचाल करता येते. मेंदूची रचना स्थिर झाल्यावर या माळांचे प्रमाण पुष्कळ घटते. मस्तिष्कावरणाचा दाह उत्पन्न करणाऱ्या काही जंतूंनी हुबेहूब अशाच माळांचे कवच धारण केले आहे. त्यामुळे शरीर त्यांना परके मानीत नाही, आणि त्या कवचापासून लस बनविण्याचा मार्गही बिकट झाला.

मातेच्या दुधात सायलिक आम्ल धारण करणाऱ्या शर्करा विपुल असतात. प्रसूतीनंतरच्या पहिल्या चिकात त्यांचे प्रमाण सर्वाधिक असून पुढे ते उतरत जाते. ऑस्ट्रेलियात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अन्य कारणांनी मृत्यू पावलेल्या अर्भकांच्या मेंदूची तपासणी करता, अंगावर पिणाऱ्या बालकांच्या मेंदूत हे द्रव्य वरच्या दुधावरील बालकांच्या मानाने अधिक आढळले. यावरून बुद्धिमत्तेविषयी थेट निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. परंतु ग्रामीण भागात अनेक ठिकाणी पहिला चीक पिळून टाकण्याची जी प्रथा होती तिच्यामुळे बालकाच्या मुखी जाण्यापूर्वीच काय वाया जात असे, हे यावरून स्पष्ट होते. या शर्करा मेंदूस उपयोगी पडोत वा न पडोत, त्या रोगजंतूंना फसविणाऱ्या खोट्या कड्यांप्रमाणे बालकाच्या आतड्यात काम करतात, हे प्रयोगांतून दिसून आले आहे.

मानवाचे सायलिक आम्ल त्याच्या निकटच्या आप्तांहून वेगळे आहे. चिंपँझी, गाय, शेळी इत्यादी सस्तन प्राण्यांत या आम्लाचे दोन प्रमुख प्रकार असतात. त्यांपैकी दुसरा प्रकार तयार करणारे जनुक मानवाच्या पूर्वजांत सुमारे २० ते ३० लाख वर्षांपूर्वी निकामी झाले. वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतलेले आणि पुढे कॅलिफोर्नियात संशोधन करणारे अजित वार्की व त्यांचे सहकारी यांनी १९९८ मध्ये या जनुकीय भेदाचा उलगडा केला. याचा एक परिणाम असा की, चिंपँझीचा हिवताप माणसास सहसा होत नाही. उलट माणसाच्या घातक हिवतापाच्या परजीवीने मानवी प्रकारच्या सायलिक आम्लालाच आपली कडी बनविले आहे. एका रोगापासून सुटका करणारा बदल दुसऱ्या रोगाची वाट मोकळी करून गेला.

हे आम्ल शरीरात पुरेसे तयार न झाल्यास काय होते, याचे उदाहरण एका स्नायुरोगात आढळते. सायलिक आम्लाच्या निर्मितीतील पहिले विकर घडविणाऱ्या जनुकात दोष असल्यास विशीत वा तिशीत पाऊल लुळे पडू लागते आणि क्रमाने चालणे अवघड होते. या रोगाचे जनुक २००१ मध्ये निश्चित झाले. भारतीय रुग्णांत एक विशिष्ट उत्परिवर्तन वारंवार आढळते. जपानने २०२४ मध्ये या रोगावर सायलिक आम्लाच्याच गोळ्यांना औषध म्हणून मान्यता दिली.

(६)

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. पक्ष्यांचा इन्फ्ल्यूएंझा माणसास सहसा का होत नाही? याचे उत्तर १९८३ पासूनच्या संशोधनात मिळाले. सायलिक आम्ल साखळीतील शेजारच्या शर्करेच्या तिसऱ्या कार्बनशी जोडलेले असू शकते किंवा सहाव्या कार्बनशी. पाणपक्ष्यांच्या आतड्यात पहिली जोडणी आढळते व पक्ष्यांचे विषाणू तीच धरतात. माणसाच्या नाकात व घशात दुसऱ्या जोडणीचे प्राबल्य असते व माणसांत पसरणारे विषाणू तिलाच चिकटतात. कुलूप तेच, परंतु किल्लीचा दाता तेवढा वेगळा, असा हा प्रकार आहे. माणसाच्या फुप्फुसाच्या अगदी खोल भागात मात्र पक्षी-प्रकारची जोडणीही असते, असे २००६ मध्ये निदर्शनास आले. पक्ष्यांचा विषाणू क्वचित तेथवर पोचला तर रोग अत्यंत गंभीर होतो, परंतु खोकल्याशिंकांवाटे तो दुसऱ्यास सहजी लागत नाही, या दोन्ही गोष्टींची संगती यामुळे लागते.

१९१८ च्या विषाणूची संपूर्ण जनुकीय रचना जतन केलेल्या अवयवखंडांवरून व अलास्कातील बर्फात पुरलेल्या एका प्रेताच्या फुप्फुसावरून २००५ पर्यंत उलगडण्यात आली. तिच्या आधारे २००७ मध्ये झालेल्या प्रयोगात असे दिसले की, त्या विषाणूच्या चिकटणाऱ्या प्रथिनातील केवळ दोन घटक बदलून त्यास पक्षी-प्रकारच्या जोडणीकडे वळविले असता तो फेरेट या प्राण्यांत एकापासून दुसऱ्यास लागेनासा झाला. मानमोडीच्या सर्वसंहारक प्रसारास अनेक कारणे होती. दुष्काळ, युद्धकाळातील वाहतूक, उपचारांचा अभाव ही त्यांतील काही. परंतु विषाणूच्या बाजूने पाहता तो प्रसार अशा दोन घटकांवर उभा होता.

न्यूरॅमिनिडेजची त्रिमितीय रचना १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियात उलगडली गेली आणि सायलिक आम्लाची नक्कल करून त्या विकराची खाच बुजविणारी औषधे त्यावरून बेतण्यात आली. त्यांपैकी ओसेल्टामिविर हे औषध १९९९ मध्ये उपलब्ध झाले. ते बनविण्यासाठी लागणारे मूळ आम्ल मसाल्यातील चक्रीफुलापासून काढीत असत. या औषधाचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचले ते २००९ मध्ये. त्या वर्षीच्या एच१एन१ साथीतील भारतातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट रोजी पुण्यात एका शाळकरी मुलीचा झाला. पेशीत अडकलेला नवा विषाणू बाहेर सुटू नये, हा या औषधाचा हेतू असल्याने ते आजाराच्या पहिल्या दोन दिवसांतच घेणे विशेष उपयुक्त ठरते. हर्स्ट यांनी गुठळ्या सुटताना पाहिल्या त्याच क्रियेला अडथळा आणण्याचे हे कार्य होय.

(७)

भारतात कोंबड्यांतील एच५एन१ ची पहिली निश्चित नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाली. तेथे लक्षावधी कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. माणसांत तेव्हा संसर्ग आढळला नाही. मराठवाड्यात जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे सुमारे ८०० कोंबड्या मेल्या व तपासणीअंती बर्ड फ्लूचे निदान झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये हरियाणातील एका ११ वर्षांच्या मुलाचा दिल्लीत मृत्यू झाला. एच५एन१ मुळे भारतात नोंदला गेलेला तो पहिला मानवी मृत्यू होय. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे कावळे मरून पडू लागले, आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने त्यांच्यात हाच रोग असल्याचे कळविले. पाठोपाठ नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील किवळा येथील कोंबड्यांतही तो आढळला. त्याच महिन्यात नागपूरजवळील गोरेवाडा येथे तीन वाघ व एक बिबट्या त्यास बळी पडल्याचे स्पष्ट झाले. अमेरिकेत तर मार्च २०२४ पासून दुभत्या गाईंच्या कासेत हा विषाणू आढळू लागला. त्या कासेत पक्षी-प्रकारची जोडणी विपुल असते.

या घटनांचा अर्थ सायलिक आम्लाच्या इतिहासाच्या प्रकाशातच लागतो. विषाणू पक्ष्यांतून सस्तन प्राण्यांत येतो आहे. परंतु माणसाच्या घशातील जोडणी धरण्याचे सामर्थ्य त्यास अद्याप आलेले नाही. ते येण्यास फार मोठा बदल लागत नाही. अमेरिकेतील गाईंमध्ये आढळलेल्या विषाणूच्या प्रथिनात एकच घटक बदलला असता ते प्रथिन मानवी प्रकारच्या जोडणीकडे वळते, असे डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांवरून दिसून आले. मानवांत प्रत्यक्ष साथ पसरण्यास याखेरीज इतरही बदल आवश्यक असतात, ही गोष्ट खरी. तथापि दरवाजा आणि उंबरठा यांतील अंतर किती थोडे आहे, हे या प्रयोगाने दाखविले.

भारत सरकारच्या आराखड्यानुसार रोग आढळलेल्या ठिकाणापासून १ किलोमीटर परिसरातील पक्षी नष्ट करण्यात येतात आणि १० किलोमीटरपर्यंतचा प्रदेश निगराणीखाली ठेवण्यात येतो. भरपाई दिली जाते ती नष्ट केलेल्या पक्ष्यांबद्दल, अंड्यांबद्दल व खाद्याबद्दल. यास्तव वार्ता लवकर पोचणे हे पालनकर्त्याच्या हिताचे आहे, आणि ती लवकर पोचावी यासाठी त्याला हा नियम ठाऊक असणे तितकेच आवश्यक आहे. हदगावसारख्या तालुक्यात कोंबड्या केवळ मोठ्या शेडांत नसतात. परसात, गोठ्याच्या कडेला, घरच्या बाईच्या हातखर्चाचा आधार म्हणून चार-सहा कोंबड्या असतात. त्यांची गणना सहसा कोणत्याही वहीत नसते. अशा कोंबड्या एकाएकी मेल्यास त्या उकिरड्यावर टाकल्या जातात की पशुवैद्यकीय दवाखान्यात कळविले जाते, यावर निगराणीचे यश अवलंबून राहते.

१९१८ मध्ये पैनगंगेच्या उत्तर तीरावरील प्रांतात आरोग्य खाते व मृत्यूंची नोंदवही होती, म्हणून तेथील संहाराचे प्रमाण प्रांतवार तरी सांगता येते. दक्षिण तीरावर जे गेले त्यांचा हिशोब मुख्यत्वे तीन वर्षांनंतरच्या शिरगणतीतील वजाबाकीवरून करावा लागतो. विषाणूने नदी मानली नाही. नोंदीने मात्र ती मानली. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९६० पासून पैनगंगेचे हे दोन्ही तीर एकाच महाराष्ट्र राज्यात आहेत. नोंदवहीची सीमा आता उरलेली नाही. सायलिक आम्लाचे शास्त्र गाईच्या लाळेपासून आणि फुटलेल्या अंड्यातील रक्तापासून निघून विषाणूचा एकेक घटक मोजण्यापर्यंत येऊन पोचले आहे. परंतु त्या शास्त्राला मोजण्यासाठी नमुना मिळावा लागतो, आणि तो मिळण्याची पहिली पायरी कोणत्याही प्रयोगशाळेत नसून मेलेली कोंबडी प्रथम पाहणाऱ्या माणसाच्या दारी आहे.